एक पाट देवाचा, एक देवकीचा

मित्रांनो, ही गोष्ट २०११ सालच्या गणेशचवथीची. मी फणसाच्या लाकडाचा एक जुना पाट आहे.

कोरगावच्या सुताराने देवकीच्या लग्नासाठी मला आणि माझ्या भावाला एकाच फळीतून कापले. लग्नात माझ्यावर देवकी बसली, भावावर सगुण. पुढे भावाला मान मिळाला. दर नागपंचमीला तो चित्रशाळेत जायचा. तिथे गोकुळदास त्याच्यावरच गणपतीची मूर्ती घडवायचा, आणि चवथीला भाऊ देवाला घेऊन माटोळीखाली बसायचा. देवाच्या डोक्यावर टांगलेली, फळाफुलांनी भरलेली ती माटोळी मी कोपऱ्यातून बघायचो आणि जळायचो.

मला मिळाली देवकीची मांडी. ती कादंबऱ्या लिहायची. कागद माझ्यावर, शाईचे डागही माझ्यावर. सगुण पेडणे-डिचोली बस चालवायचा. ती म्हणायची, "तुम्ही रोज फिरता ते डिचोलीपर्यंत. मी पाटावरून कुठल्या कुठे जाऊन येते."

"तुझं बरं आहे. तुला तिकीट काढावं लागत नाही."

लिहिलेले ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. ज्या पानाला त्याचा डोळा लागे, ते पान काढून टाकायची.

त्या वर्षी तिची कादंबरी शेवटच्या प्रकरणाशी अडली होती. त्यातच दौत सांडली. तिने मला घासून धुतले आणि तुळशीपाशी वाळत ठेवले. सगुणला वाटले, गणपतीचाच पाट धुऊन ठेवलाय. त्याने मला उचलून चित्रशाळेत पोचवले. मला ओरडता आले असते तरी मी ओरडलो नसतो.

दुसऱ्या दिवशी देवकी धावत आली. मागून सगुण.

"गोकुळदासबाब, हा माझा लिहायचा पाट."

"माती चढली, वहिनी. आता उतरवायची नाही."

"दोन्ही सारखेच तर आहेत," सगुण म्हणाला. "दुसऱ्यावर लिही."

"सारखे दिसतात म्हणून काय झालं? सगळे ड्रायव्हर खाकीत सारखेच दिसतात. कुणालाही घरी नेऊ?"

गोकुळदास इतका हसला की हातातली सोंड वाकडी झाली.

चवथीला मी देवाला घेऊन घरी आलो. हळद, कुंकू, आरत्या, सगळे माझ्या वाट्याला आले. दुपारी पाहुणे पांगले. देवकीने माझ्या भावाला नमस्कार केला. "गणपती स्वतः लिहिणारा. तो रागावायचा नाही," असे म्हणून तिने त्याला मांडीवर घेतले आणि माझ्यासमोर लिहायला बसली. अडलेले प्रकरण त्याच्यावर पुरे झाले. तिने शेवटची ओळ वाचली, "लग्नात दोन पाट जवळ मांडावेत, पण मध्ये बोटभर जागा ठेवावी. नाहीतर कडा घासतात." सगुण जागा होता.

माझ्या डोक्यावर देव होता, आणि माझा जीव त्या मांडीत अडकला होता.

पुढे दर वर्षी आमची अदलाबदल झाली. जो मांडीवर असे तो माटोळीसाठी जळायचा, जो माटोळीखाली असे तो मांडीसाठी.

गोकुळदासची चित्रशाळा आता त्याचा पुतण्या चालवतो. सगुण दोन वर्षांपूर्वी गेला. देवकीला दिसत नाही. ती पर्वरीला लेकीकडे, गौरवीकडे असते. ती सांगते आणि गौरवी लॅपटॉपवर लिहिते. त्या लॅपटॉपचे नाव घेतले तरी मला कसेसेच होते.

गणपती आता नव्या चौरंगावर बसतो. आम्हा दोघांना माळ्यावर एकावर एक ठेवले आहे. मध्ये बोटभरही जागा नाही. तुमच्या माळ्यावर असे कुणी असेल तर मित्रांनो, खाली काढा, फडके फिरवा. आणि एकाला पुसाल तेव्हा दुसऱ्यालाही पुसा.