मानसिंगच्या नावाची फुंक

फुकटात काही मिळालं, की मानसिंगला संशय यायचा. बारामती एमआयडीसीतल्या पशुखाद्याच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यानं पोती भरली होती. मालकानं तोवर कुणाला 'कसा आहेस' म्हणून विचारलं नव्हतं, आणि आता एकदम छातीची मोफत तपासणी! वर चहा आणि केळं.

"एवढी माया कशापायी?" तो पणदऱ्याहून कामाला येणाऱ्या अविराजला म्हणाला. "नळीत फुंकायचं. ज्याचा दम कमी, त्याला घरी बसवायचं. डाव हाय ह्यो."

मानसिंगला महिनाभर खोकला होता. अविराज अठ्ठावीस वर्षांचा, दोन पोती एकदम उचलणारा गडी. त्याचा स्वतःचा नंबर पुढच्या गुरुवारी होता. मानसिंगनं आपला बिल्ला काढून त्याच्या खिशाला लावला. फोटो नव्हता, नुसता नंबर. कंपनीचे मास्क कपाटात पडून असायचे आणि सगळे तोंडाला टॉवेल गुंडाळून काम करायचे. भुशानं भुवया पांढऱ्या झाल्या, की बाप कोण न् लेक कोण हे बायकोलाही ओळखू येत नसे. अविराज हसत गेला, फुंकून आला, केळंही खाऊन आला.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी मानसिंगला बोलावलं. सुपरवायझर शेजारीच बसला होता.

"फुप्फुसं खराब होत चाललीयत. बावन्न वर्षांच्या माणसाच्या मानानंसुद्धा दम फार कमी आहे. एक्स-रे काढा आणि धुळीतलं काम थांबवा."

आधी मानसिंगला वाटलं, झालं, यंत्रातच लबाडी केली यांनी. मग एकदम लक्षात आलं. दम बावन्न वर्षांच्या माणसाचा नव्हताच.

तो धावत गोदामात गेला. "आवी, दम तुजा कमी हाय. एक्स-रे काढ, लेका."

अविराजनं पोतं खाली टाकलं. "वा, तात्या! दुखणं तुमचं आन् गळ्यात माज्या घालताय व्हय?"

मानसिंगला फार लागलं. त्याच्या जागी आपणही हेच बोललो असतो, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

तो परत फिरला आणि सुपरवायझरच्या देखत म्हणाला, "बाई, ती फुंक माजी न्हाय. अविराजची हाय. म्या भ्यालो हुतो."

सुपरवायझरनं डोळे वटारले. "मानसिंगराव, साहेबांना सांगावं लागेल."

"सांगा."

बाईंनी त्याला तिथंच फुंकायला लावलं. आकडा चांगला आला. खोकला साधाच होता. दुसरा असता तर नाचला असता, पण मानसिंगला स्वतःची शरम वाटली.

मग अविराजचा नंबर पुकारला. तो टॉवेल न सोडताच आत आला. स्टुलापर्यंत येईस्तोवर त्याला धाप लागली होती, आणि ती आज मानसिंगला पहिल्यांदाच ऐकू आली. बाई नवी नळी काढायला वळल्या, तसा अविराज मानसिंगच्या कानाशी वाकला.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "आता माज्या नावानं तुमी फुंका की."

मानसिंगनं मानेनंच नकार दिला आणि त्याच्या तोंडाचा टॉवेल आपल्या हातानं सोडला.