मोजून कापलेली नळी

तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे शिकवल्यानंतर माणूस दोन गोष्टींना घाबरत नाही: गंजाला आणि मेहुण्याला. निदान माझी तशी समजूत होती.

आमच्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल थंड होण्यासाठी रेडिएटरकडे नेणारी पोलादी नळी गंजून पाझरू लागली. गाडीखाली रोज लाल तेलाचे थारोळे. पत्नीने, म्हणजे घरातील एकमेव चालकाने, सरळ सांगितले, "टिल्लूच्या गॅरेजात नेऊ."

टिल्लू हा तिचा धाकटा भाऊ. वजन शंभर किलो, तरी नाव तेच. आमच्या लग्नानंतर चारच महिन्यांनी प्रात्यक्षिक परीक्षेत त्याने नळी दोन मिलिमीटर जास्त कापली, आणि परीक्षक या नात्याने मी त्याला नापास केले. त्या वर्षी सासुरवाडीत मला चहासुद्धा कोमट मिळाला. त्यामुळे जीव गेला तरी त्याच्या दारात गाडी उभी करायची नाही, हा माझा निश्चय होता.

"मी स्वतः करतो."

"करा. मागे घड्याळ दुरुस्त केलंत, तेव्हापासून ते तासभर पुढे पळतंय. निदान पाहुणे तरी लवकर उठतात."

मी कृतींची यादी लिहून कामास लागलो. गंजलेला तुकडा कापला. रबर निसटू नये म्हणून पोलादी टोकांना कड उमटवली. तेल सोसणारी रबरी नळी आणली. पाण्याची चालत नाही, ती फुगते आणि फुटते. अंतर तीनदा मोजले, नळी अचूक तेवढीच कापली आणि प्रत्येक टोकाला दोन क्लिपा आवळल्या. अर्धा तास इंजिन चालवले, थेंबही नाही. मला स्वतःचाच हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढावर पत्नीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीने नुसतीच डरकाळी फोडली. जागची हलेना. मागे रस्त्यावर लाल रेघ.

"अहो, तुमची एकतीस वर्षं सांडली बघा," म्हणत तिने माझ्यासमोरच भावाला फोन लावला.

टिल्लू आला आणि गाडीखाली सरपटला. पोटामुळे दोन प्रयत्न लागले. खालून आवाज आला, "भाऊजी, नळी मोजून कापलीत?"

"मिलिमीटरपर्यंत."

"तिथंच माती खाल्लीत. इंजिन काय फळ्यावर काढलेलं असतं? जोर लावला की ते अंग हलवतं. रबराला ढील हवी. ताणून बसवलीत, निसटली क्लिपांतून! आणि तेल गेलं की गिअर कुठले धरणार?"

त्याचे बरोबर होते. हे वाक्य लिहायला सोपे आहे. तेव्हा तोंडातून निघाले नाही.

त्याने चांगली लांब नळी घेऊन नुसत्या नजरेने कापली. मी मान फिरवली. तेल भरल्यावर गाडी मुकाट चढ चढली.

"आता मार्क द्या," टिल्लू म्हणाला. "सत्तावीस वर्षं थांबलोय."

"द्या हो," पत्नी म्हणाली, "नाहीतर घरी चालत या."

मी खिशातल्या कृतींच्या यादीच्या पाठीवर लिहिले: पन्नासपैकी पंचेचाळीस, उत्तीर्ण. खाली सही केली.

"पाच कुठे गेले?"

"स्वच्छता. शर्ट बघ जरा."

"शर्टावरचं तेल कोणी सांडलं, भाऊजी?"

मी एक मार्क वाढवला.