झेलिगेनश्टाटला जायचा सोपा मार्ग

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या बँकेत लोकांचे धोके मोजून पगार घेणारा माणूस घरातला धोका कधीच मोजत नाही, हे शुभदाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. निशिकांतला मात्र ते अजून कळायचं होतं.

लेक क्षिप्रा जर्मनीत, नवरा योनाससोबत फ्रँकफर्टजवळ, मैन नदीकाठच्या झेलिगेनश्टाट नावाच्या चिमुकल्या गावात राहायची. तिच्या लग्नाला जाताना व्हिसासाठी दोघांनी इतके खेटे घातले होते की तिला दिवस गेल्याचं कळताच निशिकांतनं फर्मान काढलं, "आपण सिंगापूरचं नागरिकत्व घेऊ. मग मनात आलं की विमानात!"

"आधी बाळंतपण पार पडू दे रे," शुभदा म्हणाली. पण ऐकतो कोण! भारताचे पासपोर्ट रद्द करून झाले. इथली शपथ पुढच्या महिन्यात होती. मधल्या काळात दोघं कुठलेच नव्हते, पण क्षिप्राचे दिवस भरायला अवकाश होता, म्हणून साहेब निर्धास्त.

आणि क्षिप्रा तीन महिने आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. भारताच्या कचेरीत निशिकांतला सांगितलं, तुम्ही आता आमचे नाही. इथल्या कचेरीत सांगितलं, शपथ होईपर्यंत आमचेही नाही. तातडीचा अर्ज करा, बघतो. सगळे अगदी अदबीनं बोलले आणि नियमानं सगळ्यांचंच बरोबर होतं. कुणी हिडीसफिडीस केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं, असं शुभदाला वाटलं. नवऱ्याशी भांडायचं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तेही जमेना.

दुपारी क्षिप्राचा फोन आला, फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलमधून.

"आई, डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस निघणं कठीण आहे." तिचा आवाज फार शांत होता, आणि त्याचीच शुभदाला भीती वाटली. "बारशापर्यंत नाही गं थांबता येणार. तिला बिननावाची नाही जाऊ देणार मी. योनासला बहीण नाही, म्हणजे आत्याही नाही. तूच सांग नाव तिच्या कानात. नर्सनं फोन आत धरू दिलाय."

शुभदा सोफ्याच्या कडेला टेकली. बारशाला नाव सांगताना ती नेहमी हसायची, पाठीवर धपाटे खायची. आता पलीकडून फक्त यंत्राची टुकटुक ऐकू येत होती.

"इरा," ती म्हणाली.

टुकटुक तशीच चालू राहिली. नाव पोचलं की नाही, कसं कळणार? तिनं फोन तोंडाशी घट्ट धरला आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "इरा! इरा, बाळा! मी आजी गं!"

निशिकांतनं तिचं मनगट धरलं. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"अगं, हळू," तो म्हणाला. "कान केवढासा असेल तिचा."