हिला तिथं करमलं नाही

चहाच्या पातेल्यावरचं झाकण थरथरलं. कुंदाने चिमट्याने झाकण बाजूला केलं, पण कान बाहेरच्या खोलीकडेच ठेवले. धुळ्याहून सकाळच्या एस.टी.ने आलेल्या वनानानांनी, म्हणजे नवऱ्याच्या मामांनी, नुकतंच विचारलं होतं, "मंग अभिमन, जाशी का नही तू परत?"

आणि अभिमन, तिचा नवरा, उठून पंख्याचं बटण फिरवत होता.

त्याने हो म्हणावं म्हणून कुंदाचा जीव टांगणीला लागला होता. आदल्या दिवशी इटलीतून, जेनोआच्या कारखान्यातून फोन आला होता. पाइप बनवायची त्यांची यंत्रं जळगावच्या कंपनीत बसलेली. त्यांवर हात बसलेला फिटर म्हणून अभिमन बायको-मुलीला घेऊन समुद्रकाठच्या त्या शहरात दोन वर्षं राहून आला होता. आता ते पुन्हा बोलवत होते, आणि या वेळी कायमचं.

"माझं काय हो नाना, मी उद्या निघेन," अभिमन म्हणाला. "पण हिला तिथं करमलं नाही ना."

गाळणी कुंदाच्या हातात तशीच राहिली.

हिला!

लग्न होऊन धुळ्याकडच्या खेड्यातून ती जळगावला आली, तेव्हा याच अभिमनने तिची जीभ तासायला घेतली होती. "शे-शे काय करतेस चारचौघांत? आहे म्हणावं." त्याची स्वतःची आई दिवसभर शे-शे करायची, तिला कोण बोलणार? पण कुंदा शिकली. आहे, आहेत, आहात. जेनोआला गेली तेव्हा तिच्याजवळ ही धुतलेली मराठी होती आणि तिथे तिचा काडीइतका उपयोग नव्हता. पहिले महिने ती खिडकीत बसून समोरच्या घरांच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे बघायची, नाहीतर लेकीची, हर्षालीची, वेणी घालायची.

मग एकदा गल्लीतल्या भट्टीतून बेसन भाजल्याचा वास आला. पोरीचा हात धरून ती वासामागे गेली. मोठ्या तांब्याच्या परातीत हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं लाकडाच्या आगीत खरपूस भाजत होतं. ते बघून ती शिकलेलं सगळं विसरली आणि माहेरची बोली तोंडातून निसटली, "शे का?"

"चे, चे!" भट्टीवाली बाई आनंदाने ओरडली आणि तुकडा कापून कागदात देऊ लागली.

कुंदा बघतच राहिली. त्यांच्यात 'आहे'ला 'चे' म्हणतात! 'नही शे'ला 'नॉन चे'! तिचं 'शे' आणि त्यांचं 'चे', मध्ये एक टीचभर अंतर. त्या फटीतून ती त्या भाषेत शिरली ती शिरलीच. दूध चे? मासळी नॉन चे? चढाच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या तिला थांबवून गुडघेदुखी सांगायच्या. तिचं अर्धं चुकायचं, त्या हसायच्या, तीही हसायची. भट्टीवालीने तर तिचं नाव 'सिन्योरा शे' पाडलं होतं.

आणि अभिमन? तो यंत्राशी बोलायचा. माणसांशी बोलायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. कारखान्याने घरच्यांसह दिलेल्या जेवणात साहेबाने त्याला काहीतरी विचारलं. तो शब्द शोधत राहिला आणि कुंदा सहज उत्तर देऊन गेली. टेबल खदखदून हसलं. साहेबाने अभिमनची पाठ थोपटली, "तुझी बायको तुझ्याआधी इथली झाली रे!" अभिमनही हसला. दुसऱ्या दिवसापासून मात्र पाव तोच आणायला लागला, दूधही तोच. "तू कशाला जिने चढतेस-उतरतेस?" म्हणायचा, प्रेमाने. मग एकदा म्हणाला, आईची फार आठवण येते. आणि सामान बांधलं गेलं.

तेव्हा कुंदाला वाटलं होतं, खरंच आईची आठवण असेल.

कपांचा ट्रे घेऊन ती बाहेर आली. कॉटवरून सासूबाई, द्रौपदाबाई, नानांना सांगत होत्या, "तठे ना भाकर ना ठेचा. पावावर दिस काढनं सोपं शे का? वाळी गयी मन्ही सून." वास्तविक तिकडून आल्यावर कुंदाच्या सगळ्या ब्लाउजांची शिवण उसवावी लागली होती.

"काय व बेटा," नाना मायेने म्हणाले, "तुले तठे करमनं नही?"

कुंदाने ट्रे खाली ठेवला. पदर सावरला. "नाना, मला तर..."

"मी नकार कळवून टाकला," अभिमन घाईने म्हणाला. "कालच. फोनवरच. हिच्या मनाविरुद्ध कशाला न्यायचं हिला?"

"असा नवरा भेटाले भाग लागस!" नाना खूश झाले. सासूबाईंनी मुलाकडे कौतुकाने पाहिलं.

काल! म्हणजे ती रात्रभर पोरीचे स्वेटर हाताखालून घालत होती, तेव्हा सगळं संपलेलं होतं. कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत रागबिग काही नव्हता, नुसती भीती होती. आता ही तोंड उघडते की काय. बाहेर नोकरीत, आत आईसमोर, मामासमोर, जी काय त्याची किंमत होती ती या क्षणी कुंदाच्या जिभेवर ठेवलेली होती. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच संताप आला. आता यापुढे कुणी विचारलं की हेच सांगितलं जाणार. लग्नात, बारशाला, शेजारपाजारी. हिला तिथं करमलं नाही.

"चहा घ्या नाना, निवतोय," ती म्हणाली.

हर्षाली इतका वेळ दाराच्या उंबऱ्यावर बसून बिस्किट खात होती. ती उठून आली, आईच्या साडीला चिकटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"आई, तुला तिथं करमत नव्हतं, तर मग निघताना तू त्या भट्टीवाल्या आजीच्या गळ्यात पडून का रडत होतीस?"