तिसरं कोटेशन

कुमार टिपणीसच्या घरातली प्रत्येक वस्तू तीन कोटेशनं मागवून आलेली होती. फ्रिज, पडदे, स्वयंपाकघरातला ओटा, इतकंच काय, सत्यनारायणाचे गुरुजीसुद्धा. उरणच्या बंदरावरच्या एका कंपनीत तो खरेदी विभागात होता आणि तिथे तीन कोटेशनं असल्याशिवाय झाडूही येत नसे. रमा पाहुण्यांना सांगायची, "मीसुद्धा तिसरीच. आधीच्या दोघींकडचे पोहे खाऊन मग हे आमच्याकडे आले." पाहुणे हसायचे. कुमारही हसायचा, आणि आपला निर्णय बरोबर होता याची मनात पुन्हा एकदा नोंद करायचा.

त्यामुळे एका रविवारी जेवताना देवेश म्हणाला, "बाबा, मला कुठेतरी ॲडमिट करा. माझ्याच्याने सुटत नाही," तेव्हा कुमारला आधी रडू आलं आणि लगेच पद्धत आठवली.

देवेश त्यांचा एकुलता एक. बेलापूरची नोकरी त्याने आधी बिअरने सैल केली आणि मग पावडरीने घालवली. त्या पावडरीला तो नि त्याचे मित्र 'एमडी' म्हणत. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या सोसायटीत कुणी ऐकलं असतं तर मुलगा डॉक्टर झाला असं समजून पेढे मागितले असते. रमाच्या पाटल्या गेल्या, कुमारचा लॅपटॉप गेला. दोन वर्षं आईबाप 'चल' म्हणत होते आणि तो 'मला काही झालेलं नाही' म्हणत होता. आज तो आपणहून बोलला होता. हात इतके थरथरत होते की आमटी वाटीत कमी आणि टेबलावर जास्त होती.

रमा खरकट्या हाताने उठली. माळ्यावरची निळी बॅग काढून तिने त्यात त्याचे कपडे, टॉवेल, ब्रश, चार्जर भरला आणि ती चपलांच्या कपाटाशेजारी आणून ठेवली.

"आत्ता निघूया. गव्हाणला आहे ना एक केंद्र, शेजारच्या अरुंधतीचा दीर होता तिथे."

"जाऊया ना. बघून येऊ."

"बघून काय यायचंय? ठेवून येऊ."

"अगं, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. साधा फ्रिज घेताना आपण..."

"फ्रिज दुकानात थांबतो हो. हा थांबेल का?"

देवेश तोवर सोफ्यावर झोपला होता. झोपलेल्याला कशाला उठवा, म्हणून कुमार एकटाच गव्हाणला गेला.

केंद्र म्हणजे कुणाचा तरी जुना बंगला होता. अंगणात दोरीवर एकाच रंगाचे टॉवेल वाळत होते. चालवणारे सत्यजीत सर पूर्वी बँकेत अधिकारी होते आणि तेव्हाच पट्टीचे पिणारेही होते. दोन्ही सोडून त्यांनी हे काढलं होतं. कुमारने डायरी उघडली.

"महिन्याचा खर्च जेवण धरून का?"

"धरून. औषधं वेगळी."

"दोन महिन्यांचे एकदम भरले तर काही कमी?"

"नाही."

"आणि इथून गेल्यावर परत सुरू झालं तर? काही गॅरंटी?"

"साहेब, माणूस आहे. गीझर नाही." सत्यजीत सर हसले नाहीत. "तो स्वतः हो म्हणालाय का?"

"हो तर. आज दुपारीच."

"मग तुम्ही इथे एकटे काय करताय?"

कुमारला ती विक्रेत्याची घाई वाटली. नोकरीत आजवर भेटलेल्या प्रत्येक विक्रेत्याने 'आजच घ्या' असंच सांगितलं होतं.

दुसरं केंद्र कर्जतकडे होतं. तिथे पोहण्याचा तलाव होता आणि दोन घोडे होते. घोड्यांच्या सहवासात व्यसन सुटतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. घोड्यांचा चेहरा पाहता त्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

"आम्ही इथे पेशंट म्हणत नाही, गेस्ट म्हणतो," बाई म्हणाल्या.

"गेस्टकडून एवढे घेतात?" कुमारने विचारलं.

तिसरं पुण्याच्या रस्त्याला होतं. तिथले डॉक्टर गावी गेलेले, गुरुवारी येणार होते.

"दोन झाली ना बघून? गव्हाणचं करा," रमा म्हणाली.

"तिसऱ्याशिवाय तुलना कशी होणार?"

"ठरलं का बाबा?" सोमवारी देवेशने विचारलं. मंगळवारीही विचारलं, पण मोबाइलमधून मान वर न करता. बुधवारी विचारलं नाही. बॅग चपलांशेजारीच होती. तिच्यातला ब्रश आधी बाथरूममधल्या मगात परत आला, मग चार्जर भिंतीवरच्या प्लगमध्ये, मग टॉवेल दांडीवर. रमाने ते नवऱ्याला दाखवलं.

"मग? दात घासू नयेत का त्याने?" कुमार म्हणाला. तिन्ही केंद्रांचा तक्ता करण्यात तो गुंतला होता.

गुरुवारी तिसरा आकडा आला आणि तक्ता पूर्ण झाला. सगळ्या बाजूंनी गव्हाणचं उजवं ठरलं. ते रविवारीही उजवंच होतं, पण आता तसं सिद्ध झालं होतं. कुमारने ऑफिसातूनच पैसे भरले, 'संध्याकाळी आणतो' असा फोन केला आणि अर्धी रजा टाकून घरी आला.

देवेश अंघोळ करून, भांग पाडून बसला होता. हात थरथरत नव्हते. का थरथरत नव्हते ते रमाला कळलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"चल बेटा, ठरलं. सगळ्यात चांगलं आहे."

"मी बराय आता बाबा. कमी केलंय. काही गरज नाही."

"अरे, पण ठरलंय ना! तूच म्हणालास..."

"तुमचं आज ठरलं. माझं रविवारी ठरलं होतं," देवेश म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर कुमारला काहीतरी बोलता आलं असतं. देवेशने चपला अडकवल्या, वाटेतली बॅग पायाने हळूच बाजूला सरकवली. "येतो," म्हणाला. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, हे रमानेच त्याला लहानपणी शिकवलं होतं.

तो आला नाही. फोन बंद लागला. पोलिसांत हरवल्याची तक्रार झाली. हवालदाराने वय विचारलं आणि "मग स्वतः गेलाय हो" असं म्हणून लिहून घेतलं. कळंबोलीच्या पुलाखाली त्याच्यासारखा कुणी दिसल्याचं एका रिक्षावाल्याने सांगितलं. दोघं तिथे गेले. त्याच्यासारखे तिथे बरेच होते. तो नव्हता.

पुढच्या महिन्यात गव्हाणहून फोन आला, "टिपणीस साहेब, बेड दुसऱ्याला देऊ का?"

"नको," कुमार म्हणाला. "मी भरतो."

माल हातात आल्याशिवाय पैसा न सोडणारा हा माणूस दर महिन्याला गव्हाणला जाऊन रिकाम्या बेडचे पैसे भरू लागला. देवेश कधीही दारात उभा राहील, 'चला' म्हणेल, आणि त्या वेळी एक मिनिटही जाता कामा नये. रमाने बॅग पुन्हा भरली होती. या वेळी ब्रश नवा, वेष्टनातलाच. सत्यजीत सर दर खेपेला म्हणायचे, "असं करू नका हो," आणि कुमार दर खेपेला पावती मागायचा. स्वयंपाक करणारी ठमाबाई चहा आणून द्यायची. "पोरगा नाय आला अजून? येल हो. चादर मी बदलतंय दर आठवड्याला," ती सांगायची.

पावसाळा संपता संपता कुमार असाच पैसे भरायला गेला, तर अंगणात रिक्षा उभी होती. तिच्यात एक जण गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि त्याची बायको सत्यजीत सरांशी बोलत होती.

"आज पहिल्यांदा स्वतः बोललाय सर, घेऊन चल म्हणून. उद्यावर नका ना टाकू."

"पूर्वीताई, जागाच नाही. एक बेड आहे, पण तो..." सर कुमारकडे बघून थांबले.

कुमारने रिक्षात पाहिलं. त्या माणसाचे हात थरथरत होते.

"अजून कुठे चौकशी केलीत का?" कुमारने विचारलं. तोंडातून सवयीने निघून गेलं.

"नाही काका. करायला हवी होती का?" पूर्वी घाबरली.

"नाही," कुमार म्हणाला. "नाही, नाही. आत न्या त्याला. आधी आत न्या."

ठमाबाईने विचारलं, "त्यो बेड?" कुमारने मान हलवली. ती खोलीत गेली, धुतलेली चादर झटकून अंथरली, उशी थोपटली. भावेश नावाचा तो माणूस भिंत धरत धरत आत गेला आणि देवेशच्या बेडवर कुशीवर झोपला. कुमार दारातून ते बघत राहिला. पैसे तसेच खिशात घेऊन तो परत आला.

रमा दारातच होती. बॅग चपलांशेजारी.

"भरलेत? बेड आहे ना?"

"आहे."

"आणि चादर? बदललीय ना त्या बाईने?"

"हो," कुमार चपला काढत म्हणाला, "माझ्यासमोरच बदलली."

तेवढं खरं होतं.