पाचाची मोजणी

१९४५ साली उस्मानाबादेत शिक्षक आणि कचेरीतले कारकून यांचा बास्केटबॉलचा सामना होता. एका गुणानं मागे असलेले रेवणप्पा मास्तर चेंडूचे टप्पे मारत निघाले. एक कारकून त्यांना अगदी खेटून आडवा चालत होता. पंच विष्णुपंतांनी पाचपर्यंत मोजून शिट्टी फुंकली.

“चेंडू अडवून धरलात!”

“धरला कुठं? टप्पे चालू होते की!” रेवणप्पा भडकले. “ही मोजणी चेंडू हातात धरून ठेवणाऱ्याला लागते. पुस्तक काढा, पंत!”

विष्णुपंतांनी खिशातलं नियमांचं पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं.

“शिट्टी वाजली ती वाजली.”

त्यांनी चेंडू दोघांच्या मधे उडवला. तो कारकुनांनी पटकावला आणि वेळ संपली. रेवणप्पांनी त्या कारकुनाशी हात मिळवला. पंतांनी पुढं केलेला हात मात्र त्यांनी घेतला नाही.