मोतिया की गडद निळा

आमच्या घरात लोकशाही आहे. म्हणजे माझा नवरा ठरवतो आणि मग आम्ही सगळे हात वर करतो. फ्रिज असाच आला, पडदे असेच गेले आणि सासऱ्यांची स्कूटरही अशीच विकली गेली. बाबा एकदा वळणावर घसरले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. तेव्हापासून त्यांच्या हक्काचं एकच काम उरलं होतं: संध्याकाळी एकट्याने बागेपर्यंत चालत जायचं आणि तिथल्या बाकावर मित्रांशी कडाकडा भांडून यायचं. "तेवढं तरी माझं राहू दे," ते म्हणाले होते. त्यावर नवरा म्हणाला, "बघू." त्याच्या 'बघू'चा अर्थ मला लग्नानंतर आठवडाभरातच कळला होता.

यंदा बाबांच्या खोलीला रंग द्यायचं निघालं. नवऱ्याने मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि तो या विषयातला जाणकार झाला. नणंद आधीपासूनच जाणकार, कारण तिने मागे स्वतःच्या बाथरूमच्या फरश्या निवडल्या होत्या. रविवारी ती मुद्दाम आली. रंगाऱ्याने भिंतीवर दोन चौकोन रंगवून ठेवले होते, एक मोतिया आणि एक गडद निळा.

"फिक्या रंगाने खोली मोठी दिसते," नवरा म्हणाला.

"मला खोली विकायची नाहीये. मला निळा हवा," बाबा म्हणाले.

"गडद रंगाने भिंती अंगावर येतात, बाबा. जवळ वाटतात."

"मला जवळच हव्यात."

"अहो, पण उजेड किती खातो तो रंग!" नणंद कळवळली.

"खाऊ दे. मी कुठे वाचत बसतो?"

ते मात्र खरं होतं. हल्ली वर्तमानपत्र घडी न मोडताच रद्दीत जायचं. मतदान झालं. मोतियाला दोन हात, निळ्याला एक. मी तटस्थ राहिले, कारण माझे दोन्ही हात भांड्यांच्या साबणात होते.

नवऱ्याचं काम कधी अर्धवट नसतं. भिंती मोतिया, छत मोतिया, दार मोतिया, दाराची चौकट आणि कडीसुद्धा मोतिया. विजेची काळी बटणं काढून पांढरी बसवली. नणंदेने पांढरी चादर आणि पांढरे अभ्रे भेट दिले. खोली एवढी मोठी झाली की तिला कडाच उरल्या नाहीत. दुपारी ऊन आलं की दुधाच्या पातेल्यात उभं राहिल्यासारखं वाटायचं. नवरा येता-जाता दारात थांबून स्वतःचंच कौतुक करायचा.

थोड्याच दिवसांत भिंतीवर डाग दिसू लागले. पलंगापासून दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर, बोटांचे मळकट पट्टे. नवरा भडकला.

"बाबा, भिंतीला हात कशाला लावता?"

"रंग वाळला का ते बघतो."

"अजून?"

"तू निवडलेला रंग. भरवसा काय?"

मग पुसायला कोण? अर्थात मी. रंग यांनी निवडायचा आणि फडकं मी मारायचं. धुसफुसत पुसत होते, आणि बघते तर काय, डाग दारापाशी संपतच नव्हते. दार ओलांडून ते कोपऱ्यापर्यंत गेले होते आणि तिथून मागे फिरले होते. कडीच्या आसपास तर नुसती चाचपडल्याची खूण. बाबा पलंगावर बसून माझ्याकडे कान लावून होते.

"बाबा, तुम्हाला दार दिसत नाही," मी म्हणाले.

"न दिसायला काय झालं? मी काय आंधळा आहे?"

मी हातातलं पांढरं फडकं त्यांच्यासमोर पांढऱ्या चादरीवर ठेवलं. "फडकं कुठे ठेवलंय, सांगा." मग त्यांनी चादरीवरून हळूहळू हात फिरवला आणि फडक्याला न लागताच तो रिकामा मागे घेतला.

"पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही गं," ते म्हणाले. "बाहेर बरं असतं. रस्ता काळा, कडेचे दगड पांढरे, मी आरामात जातो. घरातच हरवतो."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. आहे तेवढं सांभाळा म्हणाले." त्यांनी माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नकोस. तो मतदान घेईल आणि माझं फिरणं बंद करेल. शपथ घे."

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त. शपथ घेतली खरी, पण पुन्हा मतदान घ्यायचं नाही, असं काही त्या शपथेत नव्हतं.

पुढच्या रविवारी नणंदेला बोलावलं आणि सगळ्यांना त्या खोलीत उभं केलं. "ही भिंत पुसून पुसून मला वीट आलाय," मी म्हणाले. "ती निळी करा, दार तेवढं मोतियाच राहू द्या. नाहीतर उद्यापासून फडकं तुम्ही घ्या." नवऱ्याचं रंगशास्त्र फडक्यापुढे टिकलं नाही. तो पांढराशुभ्र शर्ट घालून भिंतीला टेकला होता, शेजारी फिक्या साडीतली नणंद.

"घ्या बाई मतदान," तो म्हणाला. "निळ्याच्या बाजूने कोण?"

बाबांच्या मागे उभी राहून मी हात वर केला. नवऱ्याने मोठं मन दाखवत केला. नणंदेने दादाकडे बघून केला. कोणी काही बोललं नाही. बाबांनी हात वर केला, मान इकडून तिकडे फिरवली आणि हळूच विचारलं, "मी एकटाच का?"

नवरा त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याचा हात तसाच वर राहिला. त्याने बाबांकडे पाहिलं, भिंतीवरच्या डागांकडे पाहिलं, मग दाराकडे. नणंदेने तोंडावर हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याकडे मत नव्हतं.

"सगळेच आहोत, बाबा," तो म्हणाला.

बाबांच्या लक्षात आलं. हात झटकन खाली घेत ते म्हणाले, "बाहेर मला सगळं दिसतं हं. बागेपर्यंत काहीच अडचण नाही."

नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की 'बघू' त्याच्या घशातच राहिला.

"आज संध्याकाळी जाणार ना फिरायला?" शेवटी त्याने विचारलं.

"जाणार की," बाबा म्हणाले. "दार सापडलं तर."

नवऱ्याने जाऊन दार सताड उघडलं आणि बाबा बाहेर पडेपर्यंत ते कुणाला लावू दिलं नाही.